वऱ्हाडची सुट्टी, देवबागचा किनारा

मालवणच्या दक्षिणेला तारकर्ली मागे पडली की जमीन निमुळती होत जाते. एका हाताला अरबी समुद्र, दुसऱ्या हाताला कर्ली नदी आणि दोहोंच्या मधे माडांनी भरलेला वाळूचा लांबट दांडा. त्यावर देवबाग वसले आहे. काही ठिकाणी हा पट्टा इतका अरुंद आहे की नदीकाठच्या घराच्या ओसरीवर समुद्राची गाज स्पष्ट ऐकू येते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर अशा वाळूची मैलोनमैल लांब बेटे आहेत. राइट बंधूंनी १९०३ मध्ये विमान उडवले ते त्यांपैकीच एका बेटावर. भारतात इस्रोचे श्रीहरिकोटा हे पुलिकत सरोवर आणि बंगालचा उपसागर यांमधले असेच बेट आहे. कोकणचा किनारा खडकाळ आणि तिथल्या नद्या आखूड, त्यामुळे एवढी मोठी बेटे तिथे तयार झाली नाहीत. महाराष्ट्रात या भूरूपाची सर्वांत जवळची ओळख देवबागलाच होते.

अमरावती-अकोल्याच्या कुटुंबांनी उन्हाळ्यात चिखलदरा गाठायचे, ही जुनी रीत. अलीकडे मेच्या सुट्टीत मालवण-तारकर्लीचा बेतही घरोघरी होऊ लागला आहे. या बेतात पहिली अडचण येते ती दिनदर्शिकेची. विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मानाने उशिरा, जूनच्या उत्तरार्धात सुरू होतात. त्यामुळे जूनचे पहिले दोन आठवडे वऱ्हाडात हक्काच्या सुट्टीचे वाटतात. समुद्राचा हिशेब मात्र वेगळा आहे. दक्षिण कोकणात मोसमी पाऊस साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात पोहोचतो आणि लाटा त्याआधीच उठू लागतात. म्हणून मेच्या अखेरीस सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी वाहतूक आणि पाण्यातले खेळ बंद होतात, ते ३१ ऑगस्टपर्यंत. १ जून ते ३१ जुलै मासेमारीलाही बंदी असते. २०२५ मध्ये तर पाऊस २५ मे रोजीच देवगडला दाखल झाला. मे महिना वादळांचाही आहे. २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळाने याच किनाऱ्याला झोडपले होते. थोडक्यात, वऱ्हाडची सुट्टी जूनमध्ये उरलेली असली तरी समुद्राची संपलेली असते. परीक्षा आटोपताच, एप्रिलची अखेर ते मेचा मध्य, या काळात जाऊन येणे शहाणपणाचे.

वऱ्हाडातून मालवणचे अंतर नऊशे किलोमीटरच्या घरात आहे. मोटारीने एका दमात जाण्याचा हट्ट सोडून पुण्याला किंवा कोल्हापूरला मुक्काम करावा. रेल्वेने जायचे तर नागपूर–मडगाव विशेष गाडी बडनेरा आणि अकोल्यावरून कोकण रेल्वेवर जाते आणि कणकवली, कुडाळला थांबते. ती विशेष गाडी असल्याने तिच्या फेऱ्या मुदतीपुरत्याच जाहीर होतात, तेवढी खातरजमा आधी करावी. दुसरा मार्ग अमरावती–मुंबई एक्स्प्रेसने पहाटे मुंबई गाठून कोकणची गाडी धरण्याचा. पण मधे पुरेसा वेळ ठेवला नाही तर एका गाडीच्या उशिरात दुसरी जाते. आरक्षण आता ६० दिवस आधी खुले होते. म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्याचे तिकीट मार्चच्या पहिल्या आठवड्यातच काढावे लागते, आणि नेमक्या त्याच वेळी घरात परीक्षांची गडबड असते.

अकोल्यात पारा ४४-४५ अंशांवर असताना मालवणात तो ३३-३४ च्या आसपास असतो. हा आकडा वऱ्हाडी माणसाला फसवतो. वऱ्हाडातील हवा कोरडी असल्याने घाम लगेच सुकतो आणि त्याबरोबर अंगही निवते. कूलर चालतो तो याच तत्त्वावर. कोकणच्या दमट हवेत घाम सुकत नाही, कूलरचाही उपयोग होत नाही. दुपारी बारा ते चार सावलीत काढावेत आणि मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी किंवा शहाळे घेत राहावे. भटकंती सकाळी दहाच्या आत किंवा ऊन कलल्यावर.

त्या सकाळ-संध्याकाळचा बेत भरती-ओहोटीवर ठरतो. कोकणात यासाठी एक जुने गणित आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. हीच वेळ दिवसा आणि रात्री, दोन्ही वेळा. कृष्ण पक्षात प्रतिपदेपासून मोजणी पुन्हा सुरू होते. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. पंचांग किंवा दिनदर्शिका वऱ्हाडात भिंतीभिंतीवर असते, तेव्हा हा हिशेब निघण्यापूर्वी घरीच करता येतो. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाण्याचा चढ-उतार सर्वांत मोठा, अष्टमीला सर्वांत कमी. लहान मुले बरोबर असतील तर अष्टमीच्या आगेमागेचे दिवस बरे. प्रत्यक्ष पाण्यात शिरताना मात्र त्या दिवसाची छापील वेळ आणि स्थानिक कोळ्याचा शब्द, दोन्ही पाहावे.

कर्ली जिथे समुद्राला मिळते तो संगम देवबागच्या टोकाला आहे. ओहोटीच्या वेळी खाडीचे सगळे पाणी त्या तोंडातून बाहेर धावते. वर शांत दिसणाऱ्या पाण्याखाली जबर ओढ असते, म्हणून तिथे पोहणे टाळावे. विहिरीत किंवा धरणाच्या पाण्यात शिकलेले पोहणे इथे पुरत नाही. मोकळ्या समुद्रावर पाणी आत खेचू लागले तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या पट्ट्यातून बाजूला सरावे आणि मग परतावे. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाच्या पर्यटकांना घेऊन जाणारी बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला. लाइफ जॅकेट अंगात नसेल किंवा बोटीत माणसे जास्त भरली असतील, तर भाडे दिलेले असले तरी उतरावे.

स्कूबातून पाण्याखालचे जग पाहायला पोहता येणे आवश्यक नाही. नवख्याला प्रशिक्षक हाताला धरून खाली नेतो. दमा, हृदयविकार, कानाचे दुखणे असलेल्यांनी त्यात पडू नये. साध्या सर्दीतही कानावरचा दाब असह्य होतो. फेरी सकाळची घ्यावी, तेव्हा वारा कमी असतो. १९८७ मध्ये मालवणचा समुद्र अभयारण्य म्हणून घोषित झाला. इथली प्रवाळे जिवंत आहेत, त्यांच्यावर पाय ठेवू नये.

पाण्यात न उतरणाऱ्यांसाठीही पुष्कळ आहे. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग एका सकाळचा. कर्लीतून होडीने फिरताना पाणपक्षी दिसतात, पहाटे समुद्रात डॉल्फिनही. नशीब असेल तर पुळणीवर रापण, म्हणजे मासेमारीचे मोठे जाळे, ओढली जाताना पाहायला मिळते. संगमापलीकडे भोगवे आणि निवतीचा किल्ला. मासे न खाणाऱ्यांची अडचण होत नाही, मे हा ओल्या काजूच्या उसळीचा आणि हापूसचा महिना आहे.

देवबागच्या समुद्राकडच्या बाजूला दगडी बंधारे दिसतात. पावसाळ्यातील लाटा इथली वाळू दरवर्षी ओढून नेतात आणि माडांच्या मुळांपर्यंत येतात. पर्यटकाला यात करण्याजोगे थोडेच आहे: वाळूवर गाडी घालू नये, काठावरच्या वेली तुडवू नयेत, प्लॅस्टिक परत न्यावे. बाकी सगळे त्या बंधाऱ्यांवर आणि नदी-समुद्राच्या रेट्यावर अवलंबून आहे.