फ्रिज परत गेला, हप्ते मात्र सुरूच

दसरा-दिवाळीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेलं की टीव्ही-फ्रिजच्या रांगेशेजारी एक छोटं टेबल दिसतं. तिथे फायनान्स कंपनीचा माणूस बसलेला असतो. आधार, पॅन, बँक खात्याचा तपशील, मोबाइलवर आलेले दोन-तीन ओटीपी, एक फोटो, की कर्ज मंजूर. ‘व्याज शून्य, दहा हप्ते’ एवढंच ग्राहकाच्या लक्षात राहतं. घोळ नंतर सुरू होतो. पहिल्याच आठवड्यात बिघडलेला फ्रिज दुकानदाराने परत नेला, तरी ठरल्या तारखेला खात्यातून हप्ता गेला. किंवा तोंडी दहा हप्ते ठरले होते, कापले जाताहेत बारा. किंवा हप्त्यात दीडशे रुपये जास्त जाताहेत आणि ते कशाचे हे कुणीच सांगत नाही. दुकानदार म्हणतो, ‘आमचा हिशेब मिटला, फायनान्सवाल्यांशी बोला.’ कंपनी म्हणते, ‘दुकानाकडून आम्हाला काहीच कळवलेलं नाही.’

हे हेलपाटे टाळायचे तर एक गोष्ट पक्की समजून घ्यायला हवी. त्या टेबलावर एक नव्हे, दोन करार होतात. खरेदीचा करार दुकानाशी असतो आणि कर्जाचा करार फायनान्स कंपनीशी. वस्तू परत केल्याने पहिला करार संपतो. दुसरा मात्र कंपनीच्या दप्तरी कर्ज रद्द झाल्याची नोंद होईपर्यंत चालूच राहतो. म्हणून तक्रार कायम दोघांकडे, आणि लेखीच करायची.

व्याज नेमकं कोण भरतं?

समजा, फ्रिजची किंमत ३०,००० रुपये आणि तीन हजारांचे दहा हप्ते. कंपनी दहा महिने पैसे फुकट वापरू देत नाही. ती दुकानाला ३०,००० पेक्षा कमी रक्कम देते आणि तुमच्याकडून पूर्ण ३०,००० वसूल करते. मधला फरक फ्रिज बनवणारी कंपनी किंवा दुकानदार सोसतो. रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट हप्तेवाल्याला अनेकदा मिळत नाही, ती याचमुळे. रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बँकांना स्पष्ट बजावलं होतं की शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही आणि अशा योजनांत व्याज बरेचदा प्रक्रिया शुल्काच्या आड लपवलेलं असतं.

हे शुल्क दिसायला किरकोळ असतं. याच उदाहरणात १,००० रुपये प्रक्रिया शुल्क घेतलं, तर कर्जाचा खरा वार्षिक दर साडेसात टक्क्यांच्या आसपास जातो. क्रेडिट कार्डावरच्या ‘नो कॉस्ट ईएमआय’मध्ये बँक व्याज लावते आणि तेवढी सूट सुरुवातीलाच किमतीतून वजा केली जाते. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि तो ग्राहकालाच भरावा लागतो. तीस हजारांच्या मोबाइलचे पाच हजारांचे सहा हप्ते केले आणि बँकेचा दर १५ टक्के असला, तर व्याज सुमारे १,२७० रुपये होतं. त्यावरचा जीएसटी सव्वादोनशेच्या पुढे जातो. हप्त्यात दिसणारे जास्तीचे रुपये बरेचदा इथून येतात. उरलेले विमा, वाढीव वॉरंटी किंवा सदस्यत्व कार्डाच्या शुल्कातून येतात. त्यांची संमती त्याच ओटीपींच्या ओघात घेतलेली असते.

आधी पाहायचा कागद

१ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक किरकोळ मुदत कर्जासाठी ग्राहकाला मुख्य तथ्य विवरण देणं बँका आणि फायनान्स कंपन्यांवर बंधनकारक आहे. बोलीभाषेत याला ‘केएफएस’ म्हणतात. ते ग्राहकाला समजणाऱ्या भाषेत असायला हवं. म्हणजे मराठीत मागितलं, तर तो तुमचा हक्क आहे. कर्जाची रक्कम, हप्त्यांची संख्या, प्रत्येक शुल्क आणि सगळं धरून येणारा वार्षिक दर त्यात असतो. नियमाचं सर्वांत उपयोगी वाक्य हे आहे : या विवरणात न लिहिलेलं कोणतंही शुल्क ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय कर्जाच्या पूर्ण मुदतीत आकारता येत नाही. क्रेडिट कार्डाला हा नियम लागू नाही. तिथे कार्डाचं मासिक स्टेटमेंट आणि हप्ते सुरू करताना आलेला संदेश हाच आधार.

घोळ लक्षात आला की दुकानाचं बिल आणि हे विवरण शेजारी ठेवा. वस्तूची किंमत, डाउन पेमेंट, आगाऊ हप्ते आणि उरलेले हप्ते जुळतात का, हे कागदावर मांडा. काही योजनांत बारापैकी चार हप्ते खरेदीच्या दिवशीच घेतात. मग ‘आठच हप्ते’ म्हणणारा विक्रेता आणि ‘बारा महिन्यांचं कर्ज’ म्हणणारी कंपनी एकच गोष्ट सांगत असतात. असे काही वाद इथेच मिटतात. आकडे जुळले नाहीत, तर तुमच्या तक्रारीचा पाया तयार झाला.

हप्ता अचानक थांबवू नका

राग येणं साहजिक आहे. पण खातं रिकामं ठेवणं किंवा ऑटो-डेबिट परस्पर बंद करणं महागात पडतं. हप्ता परत गेला की कंपनी बाउन्सचा आकार लावते आणि बँकही वेगळा दंड घेते. थकबाकीची नोंद सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांकडे जाते आणि उद्याचं गृहकर्ज अडतं. म्हणून हप्ता जाऊ द्या, पण त्याआधी कंपनीला ई-मेल करा : ‘या कर्जाबाबत माझी हरकत आहे. हप्ता हरकत कायम ठेवून भरत आहे. ही रक्कम परत मागण्याचा माझा हक्क राखून ठेवला आहे.’ या तीन वाक्यांमुळे भरलेला हप्ता म्हणजे तुमची कबुली, असं पुढे कुणाला म्हणता येत नाही.

त्याच दिवशी दुकानालाही लिहा. वस्तू परत केली असेल, तर ती मिळाल्याची तारखेसह पोच आणि क्रेडिट नोट मागा. कर्जाची रक्कम फायनान्स कंपनीला कधी परत केली ती तारीख आणि त्या बँक व्यवहाराचा यूटीआर क्रमांक मागा. हा क्रमांक कंपनीपुढे ठेवला की ‘दुकानाकडून काही आलंच नाही’ हे उत्तर टिकत नाही. कंपनीकडून चार गोष्टी लेखी घ्या : कर्ज रद्द केल्याचं पत्र, भरलेले हप्ते परत करण्याची तारीख, ऑटो-डेबिट रद्द केल्याची पावती आणि एनओसी. फोनवर कुणी आश्वासन दिलं, तर तासाभरात त्याच मजकुराचा ई-मेल पाठवून तक्रार क्रमांक नोंदवा.

कर्ज ॲपवरून डिजिटल पद्धतीने घेतलं असेल, तर आणखी एक सोय आहे. विवरणात दिलेल्या फेरविचाराच्या मुदतीत, जी किमान एक दिवसाची असते, मूळ रक्कम आणि तेवढ्या काळाचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. घरी येऊन कागद वाचल्यावर शंका आली, तर ती त्याच दिवशी मांडणं म्हणूनच फायद्याचं ठरतं.

तीस दिवसांनंतर

कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. नोव्हेंबर २०२१ पासून बँका आणि मोठ्या फायनान्स कंपन्यांसाठी ही एकत्रित योजना आहे. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर करता येते. शुल्क नाही, वकिलाची गरज नाही. १४४४८ या क्रमांकावर मराठीतूनही माहिती मिळते. मात्र आधी कंपनीकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा लागतो. दुकानात चार चकरा मारल्या, हा पुरावा ठरत नाही.

चूक दुकानाची असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला आयोगाचं शुल्क लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे. दुकान आणि कंपनी एकमेकांकडे बोट दाखवत असतील, तर दोघांनाही प्रतिवादी करा.

सगळं मिटल्यावरही एक काम उरतं. चारही पतमाहिती कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत देतात. तो काढून रद्द झालेलं कर्ज बंद दिसतं का, ते तपासा. चुकीची नोंद असेल तर लेखी कळवा. ३० दिवसांत ती दुरुस्त झाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे.

नियमात हवं असलेलं कलम

इतकं सगळं ग्राहकानेच का करायचं, हा प्रश्न रास्त आहे. ब्रिटनच्या १९७४ च्या ग्राहक पत कायद्यातलं ७५ वं कलम याचं उत्तर देतं. शंभर पौंडांपेक्षा जास्त आणि तीस हजार पौंडांपर्यंतची वस्तू दुकानाशी जोडलेल्या कर्जावर घेतली आणि दुकानाने करार मोडला, तर कर्ज देणारी संस्थाही दुकानाइतकीच जबाबदार धरली जाते. आपल्याकडे असं थेट कलम नाही. दुकान आणि फायनान्स कंपनी विक्रीच्या वेळी एकाच टेबलावर बसून एकत्र धंदा करतात. मग वस्तू परत आल्यावर जबाबदारीही एकत्रच घ्यायला हवी. वस्तू परत घेतल्याची नोंद दुकानाने केली की कर्ज तिथेच स्थगित व्हावं, हा नियम रिझर्व्ह बँकेने आणि ग्राहक व्यवहार मंत्रालयाने मिळून करावा. वीस मिनिटांत कर्ज देऊ शकणारी यंत्रणा ते वीस मिनिटांत थांबवूही शकते. तोवर ओटीपी सांगण्याआधी मराठीतलं विवरण मागा आणि ते वाचून होईपर्यंत टेबलावरून उठू नका.