स्टेंट लगेच टाकायचा, की आधी औषध?

अँजिओग्राफीचा रिपोर्ट हाती आला की वस्तीतल्या घरात पहिला प्रश्न पैशाचा उभा राहतो. "ब्लॉकेज आहे, स्टेंट टाकावा लागेल," एवढे ऐकताच माणसे मंगळसूत्र गहाण ठेवतात, बचत गटाचे कर्ज काढतात. पण प्रत्येक ब्लॉकेजला आजच्या आज स्टेंट लागतोच असे नाही. याविषयीचे एक मोठे संशोधन आपल्या प्रत्येक घराला माहीत असायला हवे.

आधी दोन आजारांतला फरक समजून घेऊ.

अचानक आलेला झटका : छातीवर दगड ठेवल्यासारखे दुखणे, ते हातात किंवा जबड्यात जाणे, दरदरून घाम, धाप. महिलांना आणि मधुमेह असलेल्यांना कधी फक्त दम लागतो किंवा मळमळते. बसल्याजागी दुखू लागले तरीही हाच धोका समजा. अशा वेळी पित्त झाले म्हणून घरी थांबू नका. १०८ ला फोन करा. इथे बंद रक्तवाहिनी लवकर उघडणे जीव वाचवते. पुढे सांगितलेले संशोधन या रुग्णांसाठी नाही.

स्थिर दुखणे : जिना चढताना, पाण्याचा हंडा उचलताना छाती भरून येते आणि थांबले की बरे वाटते. कित्येक महिने हे असेच चालते, वाढत नाही.

या दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांवर 'इस्केमिया' नावाची चाचणी झाली. ३७ देशांतल्या ५,१७९ रुग्णांनी त्यात भाग घेतला, त्यांत भारतातलेही होते. मुख्य निधी अमेरिकी सरकारच्या आरोग्य संस्थेचा होता. चिठ्ठी टाकावी तशी रुग्णांची दोन गटांत विभागणी केली. एका गटाला औषधांसोबत लगेच अँजिओग्राफी आणि गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास. दुसऱ्याला आधी फक्त औषधे, आणि त्रास आटोक्यात आला नाही तरच पुढचे उपचार.

२०२० मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. सुमारे सव्वातीन वर्षांत पहिल्या गटात १४५ मृत्यू झाले, दुसऱ्या गटात १४४. म्हणजे लगेच स्टेंट किंवा बायपास केल्याने जास्त जीव वाचले नाहीत. फायदा झाला तो दुखण्यात : ज्यांना वरचेवर छातीत दुखत होते, त्यांना पहिल्या गटात जास्त आराम मिळाला. ज्यांना दुखतच नव्हते, त्यांना तोही फायदा नव्हता.

असे का? स्टेंट एका जागचा अडथळा दूर करतो. पण चरबीचा थर अनेक ठिकाणी साचलेला असतो. छोटासा थर फुटून त्यावर रक्ताची गुठळी झाली तरी झटका येऊ शकतो. अ‍ॅस्पिरिन, स्टॅटिन, रक्तदाबाच्या गोळ्या, तंबाखू-बिडी-मिश्री सोडणे आणि चालणे यांचा उपयोग सगळ्याच रक्तवाहिन्यांना होतो.

मात्र डाव्या मुख्य रक्तवाहिनीत मोठा अडथळा असलेले किंवा हृदय फार कमकुवत झालेले रुग्ण या चाचणीत घेतले नव्हते. त्यांचा निर्णय वेगळा असतो. आणि ज्यांना स्टेंट बसला आहे त्यांनी डॉक्टरांना न विचारता एकही गोळी बंद करू नये. स्टेंटमध्ये गुठळी होऊन जिवावर बेतू शकते.

म्हणून डॉक्टरांना आदराने, पण न संकोचता विचारा :

१. हा झटका आहे की स्थिर दुखणे?
२. अडथळा डाव्या मुख्य रक्तवाहिनीत आहे का? हृदयाची ताकद किती आहे?
३. आधी औषधे घेऊन पाहिली तर धोका आहे का?

डॉक्टरांनी थांबता येईल असे सांगितले, तर रिपोर्ट घेऊन सरकारी रुग्णालयात दुसरे मत घ्या. स्टेंट लागणारच असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते. रेशन कार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा. दागिना गहाण टाकण्याआधी एवढी चौकशी नक्की करू या.