'मीठ कोणते वापरता?' : अवटु ग्रंथीच्या विकारांतील एक आवश्यक प्रश्न



पेण व रोहा परिसरात चिकित्सा करणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाकडे दौर्बल्य, स्थौल्य, केशपतन, मलावष्टंभ आणि आर्तवदुष्टी या लक्षणांच्या स्त्रिया येतात. हल्ली त्यांच्या हाती बहुधा टी.एस.एच. तपासणीचा अहवाल असतो आणि अनेकींना थायरॉक्सिनची गोळी चालू असते. 'डॉक्टर, पथ्य काय पाळू?' असा त्यांचा प्रश्न असतो. त्याचे उत्तर देण्यापूर्वी आपण एक प्रतिप्रश्न अवश्य करावा, तो असा : 'घरात मीठ कोणते वापरता?'

दोन भिन्न संप्राप्ती

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अकराव्या अध्यायात गलगंडाचे वातज, कफज व मेदोज असे तीन प्रकार वर्णिले आहेत. सूत्रस्थानातील जलवर्गात हिमालयात उगम पावणाऱ्या नद्यांच्या जलाचा गलगंडाशी संबंध सांगितला आहे. देश आणि जल यांचा हा विचार अर्थपूर्ण आहे. १९५६ साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमालयाच्या पायथ्याशी कांगडा खोऱ्यात अभ्यास आरंभिला आणि आयोडीनयुक्त मिठाने गलगंडाचे प्रमाण घटते हे दाखविले. १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९९२ साली त्याचे नाव राष्ट्रीय आयोडीन न्यूनता विकार नियंत्रण कार्यक्रम असे झाले.

दुसरी संप्राप्ती निराळी आहे. १९१२ साली जपानी शल्यविशारद हाकारू हाशिमोटो यांनी वर्णिलेल्या विकारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवटु ग्रंथीवर उलटते. हा ऑटोइम्यून, म्हणजेच स्वयंप्रतिकारजन्य विकार होय. जेथे आयोडीन पुरेसे मिळते, तेथे अवटु ग्रंथीच्या मंदपणाचे हेच प्रमुख कारण ठरते. ग्रंथीची वृद्धी दोहोंत असू शकते, अथवा नसूही शकते. म्हणून केवळ स्पर्शपरीक्षेवर विसंबू नये. टी.एस.एच.सोबत अँटी-टी.पी.ओ. तपासणी केल्यास निदान स्पष्ट होण्यास साहाय्य होते.

समुद्राचे मीठ : एक गैरसमज

आपला प्रदेश खाडीकाठचा आहे. पेणच्या खारेपाटाला मिठागरांची परंपरा आहे. 'समुद्राच्या मिठात आयोडीन असतेच' असा समज सुशिक्षितांतही आढळतो. येथे साधे गणित करून पाहावे. एक लिटर समुद्रजलात सुमारे ३५ ग्रॅम क्षार व सुमारे ६० मायक्रोग्रॅम आयोडीन असते. ते सर्वच्या सर्व मिठात उतरले असे मानले, तरी १० ग्रॅम मिठातून जेमतेम १७ मायक्रोग्रॅम मिळेल. प्रौढ व्यक्तीची दैनंदिन गरज १५० मायक्रोग्रॅम आणि गर्भिणीची २५० मायक्रोग्रॅम आहे. आयोडीनयुक्त मिठात ग्राहकाच्या हाती पडताना किमान १५ पी.पी.एम. आयोडीन असावे, असे प्रमाण आहे. याचा अर्थ, तेवढ्याच १० ग्रॅम मिठातून किमान १५० मायक्रोग्रॅम मिळते.

सागरी मासे हा आयोडीनचा उत्तम स्रोत आहे. मात्र १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी, पाठोपाठ श्रावण, असे आपल्याकडील वेळापत्रक आहे. शाकाहारी कुटुंबांत आणि डोंगरातील वाड्यांवर हा स्रोत बारमाही नसतो. तेथे मिठाचे महत्त्व अधिकच वाढते.

सैंधवाचा सल्ला देताना

हा मुद्दा आपल्या शास्त्राशी निगडित असल्याने विशेष विचार मागतो. चरकसंहितेने सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात सैंधवाची गणना नित्यसेवनीय द्रव्यांत केली आहे. तीच संहिता विमानस्थानात लवणाचा अतियोग टाळण्यास सांगते. या दोन्ही वचनांना अनुसरून आपण रुग्णाला 'पांढरे मीठ बंद, सैंधव सुरू' असा सल्ला सहज देतो. परंतु सैंधवात आयोडीन नगण्य असते. रुग्ण गर्भिणी असेल किंवा गर्भधारणेची इच्छा बाळगणारी असेल, तर या सल्ल्याने तिचा आयोडीनचा मुख्य स्रोतच तुटतो. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाच्या मेंदूची वाढ बहुतांशी मातेच्या थायरॉक्सिनवर अवलंबून असते. त्या काळातील उणीव पुढे भरून काढता येत नाही. म्हणून सैंधव औषधी योगांत व अनुपानात अवश्य वापरावे, रोजच्या स्वयंपाकात मात्र आयोडीनयुक्त मीठ मर्यादित प्रमाणात ठेवावे. ते घट्ट झाकणाच्या बरणीत, चुलीपासून व पावसाळी दमटपणापासून दूर ठेवावे, आणि शक्यतो पदार्थ उतरविताना घालावे.

स्वयंप्रतिकारजन्य विकारातील पथ्य

येथे उलट टोक गाठण्याचा धोका असतो. अँटी-टी.पी.ओ. वाढलेले आहे म्हणून आयोडीनयुक्त मीठ वर्ज्य करण्याचे कारण नाही. त्याचबरोबर समुद्रशैवालाच्या गोळ्यांसारखा आयोडीनचा अतिरेकही घातक आहे, कारण त्याने विकार बळावू शकतो. कोबी, फुलकोबी, मुळा या भाज्या नीट शिजवून, बेताने घेण्यास हरकत नाही. गहू सरसकट बंद करू नये, सीलिअॅक विकाराची शंका असल्यास आधी तपासणी करावी. पांडुरोगाकडे दुर्लक्ष नको. अवटु ग्रंथीतील पेरॉक्सिडेज हे विकर लोहावर अवलंबून असते, त्यामुळे रक्तक्षयात तिचे कार्य अधिकच मंदावते. अंडी व मासे यांतून सेलेनियमही मिळते.

औषधयोजनेतील सावधगिरी

१) चालू असलेली थायरॉक्सिनची गोळी रुग्णाने परस्पर बंद करू नये, हे स्पष्ट शब्दांत सांगावे. कांचनार गुग्गुळ अथवा अन्य योग योजले, तरी मात्रेतील बदल टी.एस.एच. पाहून आणि संबंधित चिकित्सकाच्या विचारानेच व्हावा.

२) ही गोळी सकाळी उपाशीपोटी, न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावयाची असते. लोह व कॅल्शियम तिचे शोषण रोखतात, म्हणून त्यांत चार तासांचे अंतर ठेवतात. आपले नवायस लोह, पुनर्नवा मंडूर, प्रवाळ, शंखभस्म हे कल्पही लोह अथवा कॅल्शियमयुक्तच आहेत. त्यांनाही हाच नियम लावावा.

३) अश्वगंधेने अवटु ग्रंथीची संप्रेरके वाढू शकतात. ग्रंथीची अतिक्रियता असलेल्या रुग्णांत ती टाळावी आणि थायरॉक्सिन चालू असलेल्यांत विचारपूर्वकच योजावी.

समारोप

निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी होय, आणि निदान शोधावयाचे तर रुग्णाच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचावे लागते. आपल्या रुग्णपत्रिकेत आहाराच्या रकान्याखाली 'लवण : कोणते, किती' अशी एक ओळ प्रत्येकाने वाढवावी, आणि गर्भिणीच्या पत्रिकेत ती कधीही रिकामी ठेवू नये, ही विनंती.