हुरडा की बियाणं?

मोहोळच्या कृषी संशोधन केंद्रातून एक ज्वारी बाहेर पडली आणि सोलापूरच्या घराघरांत पोचली. तिचं नाव मालदांडी. आजीसमोर नुसतं हे नाव घ्या, पुढची दहा मिनिटं तुम्हाला भाकरीच्या चवीवर भाषण ऐकावं लागेल! १९३०च्या दशकात मोहोळला शास्त्रज्ञांनी शेतकऱ्यांकडच्याच गावरान मालदांडीतून सरस ताटं निवडली आणि 'मालदांडी ३५-१' हा वाण तयार केला. इतकी वर्षं झाली, मागून कितीतरी नवे वाण आले, तरी रब्बीत मालदांडी पेरली जातेच.

ती टिकली, त्याचं एक कारण म्हणजे तिचं बियाणं कुणाच्या कुलपात नव्हतं. चांगलं कणीस दिसलं की ते बाजूला ठेवायचं, पुढच्या वर्षी पेरायचं, शेजाऱ्याने मागितलं तर त्यालाही द्यायचं.

आता याच ज्वारीचा हुरडा आठवा. कोवळी कणसं आगटीत भाजायची, हातावर चोळायची आणि गरम गरम दाणे चटणीबरोबर मटकवायचे. मजा येते ना? पण तो भाजलेला दाणा रानात पेरला तर? काही उगवणार नाही. हुरडा फक्त खायचा.

विज्ञानाच्या पानावर हुरडा कुठून आला, असं म्हणताय? थांबा जरा. संगणकातसुद्धा हुरडा असतो आणि बियाणंही असतं.

संगणक सुरू केला की सगळ्यात आधी जागी होते ती ऑपरेटिंग सिस्टिम. तुम्ही 'क' दाबता, तेव्हा कीबोर्डला 'क' वगैरे काही कळत नाही. तो फक्त एक आकडा पाठवतो. तो आकडा कुठल्या प्रोग्रॅमला द्यायचा, पडद्यावर कुठे काय उमटवायचं, फाइल डिस्कवर कुठे ठेवायची, हे सगळं ही सिस्टिम बघते. तिची खरी कमाल पुढेच आहे. एकीकडे गाणं वाजतंय, दुसरीकडे चित्र उघडंय आणि तुम्ही निबंधही टाइप करताय. सगळं एकाच वेळी चाललंय असं वाटतं. पण प्रोसेसरचा एक गाभा एका क्षणी एकच काम करतो. सिस्टिम त्याला काही मिलिसेकंद गाण्याकडे वळवते, मग चित्राकडे, मग निबंधाकडे, पुन्हा गाण्याकडे. हे इतक्या झपाट्याने होतं की आपल्याला पत्ताही लागत नाही.

हे सगळं माणसांनीच लिहिलेलं असतं, ओळीमागून ओळ. त्या ओळींना म्हणतात सोर्स कोड. तो यंत्रासाठी शून्य आणि एकच्या भाषेत बदलला की संगणकाला पटकन समजतो, पण माणसाला काही केल्या वाचता येत नाही. बऱ्याच कंपन्या आपल्याला देतात तो हा बदललेला माल, म्हणजे हुरडा. वापरा, मजा करा, पण आत काय आहे ते बघू नका, बदलू नका. आणि काही जण मात्र सोर्सच हातात ठेवतात. ते झालं बियाणं!

अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रॅमर होता. तिथला प्रिंटर वेगळ्याच मजल्यावर असायचा आणि सारखा कागद अडकवायचा. स्टॉलमनने जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये थोडा बदल केला होता. कागद अडकला की छपाईची वाट बघणाऱ्यांना आपोआप निरोप जायचा. मग नवा प्रिंटर आला. त्याचा सोर्स काही मिळेना. साधी सुधारणा करायची, तर तीही करता येईना! आपण असतो तर चिडून गप्प बसलो असतो. या पठ्ठ्याने १९८३ साली जाहीर केलं, की मी एक अख्खी खुली सिस्टिमच बनवणार. तिचं नाव ठेवलं ग्नू. कुणीही ती वापरावी, आत डोकावून शिकावं, बदलावी, वाटावी.

ग्नूचे बरेच भाग तयार झाले, पण मधला गाभा, म्हणजे कर्नेल, काही पुरा होत नव्हता. तो आला फिनलंडमधून. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातला २१ वर्षांचा लिनस टोरवाल्डस आपल्या नव्या संगणकाशी खेळत होता. त्याने दोन छोटी कामं लिहिली. एकाने पडद्यावर नुसता 'ए' लिहायचा, दुसऱ्याने नुसता 'बी'. पडद्यावर आधी ए ए ए ए, मग बी बी बी बी, मग पुन्हा ए ए ए ए असं दिसू लागलं. यात काय मोठंसं, असं वाटेल. पण मघाशी पाहिलं ना, सिस्टिम एका कामावरून दुसऱ्या कामावर उडी मारते? तीच उडी त्याने साधली होती. त्यातूनच लिनक्स वाढलं. हा केवळ छंद आहे, फार मोठं काही होणार नाही, असं त्याने तेव्हा लोकांना कळवलं होतं. पहिल्या लिनक्समध्ये साधारण १० हजार ओळी होत्या. आज ३ कोटींच्या वर आहेत, आणि त्या जगभरच्या हजारो लोकांनी लिहिल्या आहेत.

इथे ज्वारीचं उदाहरण थोडं तोकडं पडतं बरं का. मालदांडी वाटताना कुणी कुणाला अट घातली नव्हती. लिनक्सला मात्र एक अट आहे. त्यात बदल करून ते पुढे कुणाला दिलंत, तर त्याचा सोर्सही द्यायचा. म्हणजे बियाण्याचा कुणी परस्पर हुरडा करू शकत नाही. मला विचाराल तर सगळ्या लिनक्समध्ये सर्वांत हुशारीची गोष्ट हीच आहे, आणि ती प्रोग्रॅममध्ये नसून परवान्याच्या कागदात आहे!

मग पैसे कसे मिळतात? सिस्टिम बसवून देणं, सांभाळणं, अडचण सोडवणं याचे. एवढ्यावर वाढलेली रेड हॅट ही कंपनी २०१९ साली आयबीएमने ३,४०० कोटी डॉलरना विकत घेतली.

लिनक्स बघायला कुठे लांब जायला नको. घरात अँड्रॉइड फोन असेल तर त्याचा गाभा लिनक्सच आहे. आणि पाऊस कधी येणार, हे सांगायला जी आकडेमोड लागते ना, तिच्यासाठी पुण्याच्या पाषाणमधल्या आयआयटीएम या संस्थेत २०२४ साली 'अर्का' नावाचा महासंगणक आला. सेकंदाला ११ हजार लाख कोटींहून जास्त गणितं करण्याची त्याची ताकद! तोही लिनक्सवरच चालतो. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० संगणकांची यादी निघते, तीत नोव्हेंबर २०१७ पासून सगळेच्या सगळे लिनक्सवाले आहेत.

आता जरा मराठीकडे वळू. 'दऱ्या', 'तऱ्हा' या शब्दांतला तो मिशीसारखा र बघा. हिंदीवाल्यांचं त्याच्यावाचून काही अडत नाही. त्यामुळे संगणकाने तो चुकीचा काढला तर आधी कुणाच्या लक्षात येणार? आपल्याच! सोर्स हातात असला की आपल्यापैकी कुणीतरी तो दुरुस्त करू शकतं. 'लोहित' हे अक्षरांचे फॉन्ट मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने बनवले आणि रेड हॅटने २००४ साली सगळ्यांसाठी खुले केले. लिनक्समधले मेनू, सूचना, बटणं मराठीत आणली तीही बरीचशी मराठी स्वयंसेवकांनी.

२००७ साली रायगड जिल्ह्यातल्या खैराट गावच्या छोट्याशा शाळेत मुलांना हिरवे-पांढरे लॅपटॉप मिळाले होते. एक्सओ त्यांचं नाव. दोन बाजूंना सशाच्या कानांसारखे अँटेना, आणि पडदा असा की भर उन्हातही वाचता यावा. आत अर्थातच लिनक्स. पण मला त्यातली सगळ्यात आवडते ती कीबोर्डवरची एक वेगळी कळ. चालू असलेल्या खेळाच्या आतला सोर्स दाखवण्यासाठी ती ठेवली होती. खेळता खेळता पोटात डोकावायचं! मुलांना असे लॅपटॉप देण्याची ती योजना भारतात पुढे फारशी पसरली नाही. अशी कळ मात्र प्रत्येक संगणकावर हवी होती, असं मला अजून वाटतं.

पुण्यातच मुख्यालय असलेल्या सी-डॅक या आपल्या सरकारी संस्थेनेही २००७ साली 'बॉस' नावाची भारतीय भाषांची सिस्टिम काढली. शाळांसाठी तिचं एक वेगळं रूपही आहे. ती बनली डेबियन नावाच्या लिनक्सवरून. डेबियनवाले आपल्या प्रत्येक आवृत्तीला 'टॉय स्टोरी' सिनेमातल्या पात्राचं नाव देतात. बझ, रेक्स, वूडी... आणि कायम अर्धवट, मोडतोड चालू असलेल्या आवृत्तीचं नाव सिड, म्हणजे खेळणी मोडणारा तो दांडगा मुलगा!

सगळं गोडगोड आहे असं समजू नका. काही खेळ लिनक्सवर चालत नाहीत, एखादा प्रिंटर रुसून बसतो, आणि सुरुवातीला बटणं शोधण्यात वेळ जातो. म्हणून आधी चाखून बघा. संगणकाच्या सरांना किंवा ताईला सांगून उबुंटूसारखं एखादं लिनक्स पेनड्राइव्हवर घ्या. संगणक त्या पेनड्राइव्हवरूनच सुरू करता येतो, आतल्या डिस्कला हात न लावता. 'इन्स्टॉल'वर मात्र मोठ्यांना विचारल्याशिवाय बोट ठेवू नका, नाहीतर बाबांचे सगळे फोटो जायचे.

सुरू झालं की टर्मिनल नावाची काळी खिडकी उघडा. इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत 'कॅल' (cal) टाइप करा, जागा सोडून ९, पुन्हा जागा सोडून १७५२, आणि एंटर दाबा. (कॅल सापडत नाही असं उत्तर आलं, तर सरांकडून ते बसवून घ्या.) सप्टेंबर १७५२चं पान दिसेल. त्यात २ तारखेनंतर एकदम १४! संगणक बिघडला का? अजिबात नाही. जुन्या इंग्रजी कॅलेंडरचं वर्ष खऱ्या वर्षापेक्षा साधारण ११ मिनिटांनी मोठं होतं. ती मिनिटं शतकानुशतकं साठत गेली आणि शेवटी ब्रिटनने त्या महिन्यातले ११ दिवस गाळून हिशेब जुळवला. कॅल लिहिणाऱ्याने हे लक्षात ठेवून तसं पान छापायला सांगितलंय. कुठे सांगितलंय? त्याचा सोर्स खुलाच आहे. उघडा आणि त्यात १७५२ हा आकडा शोधा.