उरलच्या ढोलीतली मधमाशी

रशियातल्या बाश्कोर्तोस्तानात, दक्षिण उरलच्या डोंगरात शुल्गान-ताश हे अभयारण्य आहे. इथल्या गुहेतली मॅमथ आणि घोड्यांची अश्मयुगीन चित्रं १९५९ मध्ये उजेडात आली, आणि बहुतेकांना हे नाव त्या चित्रांमुळेच माहीत आहे. मला मात्र गुहेबाहेरच्या पाइनच्या झाडांचं जास्त अप्रूप वाटतं. १९८६ मध्ये या जंगलाला स्वतंत्र अभयारण्याचा दर्जा मिळाला, त्यामागे बुर्झ्यान मधमाशी जपण्याचा मोठा हेतू होता.

युरोपातल्या काळ्या मधमाशीचं हे इथलं रानटी वाण. आपल्या सह्याद्रीतल्या सातेरीसारखीच ही माशी झाडाच्या ढोलीत घर करते. ही ढोली बऱ्याचदा माणसानं कोरलेली असते. बाश्कीर मधपाळ कातड्याचा विणलेला पट्टा खोडाभोवती आणि स्वतःभोवती टाकून उंच चढतो, जिवंत, जाडजूड पाइनमध्ये पोकळी कोरतो आणि ती वाळू देतो. झाडावर कुळाची खूण, तामगा, कोरलेली असते. ढोली वारशानं पुढच्या पिढीकडे जाते. नव्या घराच्या शोधात निघालेल्या माश्या आपणहून तिथे येतात.

उरलचा हिवाळा पाच-सहा महिन्यांचा. या काळात माश्या झोपत नाहीत. पोळ्यावर एकमेकींना बिलगून त्यांचा घट्ट गोळा होतो. पंख न हलवता त्या पंखांचे स्नायू थरथरवत राहतात, त्यातून ऊब तयार होते. याला इंधन लागतं मधाचं. लाकडाची जाड भिंत ऊब धरून ठेवते, त्यामुळे साठा पुरवून वापरता येतो. विष्ठासुद्धा त्या महिनोन् महिने पोटात रोखून धरतात. मधाच्या एवढ्या साठ्याची मुख्य कमाई होते जुलैमध्ये, लिंडेनच्या झाडांचा अल्पकाळचा बहर असतो तेव्हा. मधपाळ वर्षातून एकदाच, उन्हाळा सरताना मध काढतो आणि माश्यांचा हिवाळ्याचा वाटा ढोलीतच ठेवतो.

जंगल राखायचं तर माणसाला बाहेर काढा, असं आपण सहज म्हणतो. इथे झाडावर चढणारा माणूस गेला, तर कोरलेल्या ढोल्यांची देखभालही थांबेल.

खरा धोका आहे संकराचा. राणीमाशीचं मीलन उडता उडता, अनेक नरांशी होतं आणि हे नर काही किलोमीटरवरूनही येतात. दक्षिणेकडच्या वाणाच्या पेट्या जवळपास आल्या, तर दीर्घ हिवाळा सोसण्याचा गुण पुढच्या पिढ्यांत पातळ होत जातो. त्यामुळे परक्या वाणाच्या मधमाश्या अभयारण्यात आणायला मनाई आहे. पण कुंपण नरांना अडवू शकत नाही, म्हणून आसपासच्या गावांत कोणती माशी पाळली जाते, यावरही बुर्झ्यान माशीची शुद्धता अवलंबून आहे.