प्राथमिक विज्ञानातील परिभाषा : परिचित शब्दांची अडचण

विज्ञानाची मराठी परिभाषा संस्कृतप्रचुर असल्याने विद्यार्थ्यांना जड जाते, असे सर्रास म्हटले जाते. ते पूर्णतः ग्राह्य वाटत नाही. 'प्रकाशसंश्लेषण' हा शब्द उच्चारण्यास अवघड असला तरी विद्यार्थी तो अर्थासह नव्यानेच शिकतो. खरी अडचण परिचित शब्दांची आहे. बाजारात 'वजन' किलोग्रॅममध्ये सांगतात. भौतिकशास्त्रात मात्र किलोग्रॅम हे वस्तुमानाचे एकक असून वजन हे बल आहे व ते न्यूटनमध्ये मोजतात. ५० किलोग्रॅम वस्तुमानाच्या व्यक्तीचे पृथ्वीवरील वजन सुमारे ४९० न्यूटन असते. चंद्रावर ते जवळपास एक-षष्ठांश होते, वस्तुमान मात्र तेवढेच राहते. जीवशास्त्रात 'श्वसन' म्हणजे केवळ श्वासोच्छ्वास, असे समजल्याने पेशीत अन्नापासून ऊर्जा मुक्त होण्याची प्रक्रिया नजरेआड होते. भूगोलात गुंतागुंत अधिकच आहे. तेथे 'हवा' म्हणजे वायूंचे मिश्रण आणि वातावरणाची अल्पकालीन स्थितीही. 'हवामान' ही दीर्घकालीन, साधारणतः ३० वर्षांची सरासरी होय. वृत्तपत्रे मात्र उद्याच्या पावसाच्या भाकितालाही 'हवामान अंदाज' म्हणतात आणि उत्तरपत्रिकेत विद्यार्थी तोच अर्थ लिहितो.