मैदानावरील धडक : नियमभंग कोठे संपतो आणि गुन्हा कोठे सुरू होतो?

बेंगळुरू : येथील श्री कंठीरवा स्टेडियमवर 5 डिसेंबर 2004 रोजी झालेला फेडरेशन चषकाचा अंतिम सामना भारतीय फुटबॉलच्या इतिहासात निकालापेक्षा एका मृत्यूमुळे अधिक लक्षात राहिला. गोव्याच्या धेंपो स्पोर्ट्स क्लबने कोलकात्याच्या मोहन बागानला 2-0 असे हरवले. दोन्ही गोल ब्राझीलच्या क्रिस्तियानो ज्युनियरने केले होते. दुसरा गोल करीत असतानाच पुढे धावून आलेला गोलरक्षक सुब्रत पाल याच्याशी त्याची जोरदार टक्कर झाली. ज्युनियर मैदानावर कोसळला आणि पुन्हा शुद्धीवर आला नाही. तो 25 वर्षांचा होता व त्याच मोसमात ईस्ट बंगाल सोडून धेंपोकडे आला होता. गोलरक्षकाने तर विशीही गाठलेली नव्हती.

शवविच्छेदनानंतर मृत्यूचे कारण हृदयक्रिया बंद पडणे असे नोंदवले गेले. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने पाल याला दोन महिन्यांसाठी निलंबित केले. मैदानावर तातडीची वैद्यकीय मदत पुरेशी होती का, यावरही त्या वेळी मोठी टीका झाली. धेंपोने ज्युनियरची 10 क्रमांकाची जर्सी निवृत्त केली आणि त्या मोसमात राष्ट्रीय लीगचे विजेतेपदही पटकावले. पाल पुढे भारताचा प्रमुख गोलरक्षक झाला. 2011 मध्ये दोहा येथील आशियाई चषकातील त्याची कामगिरी आजही आठवली जाते. प्रसंग इतिहासजमा झाला, पण त्याने उपस्थित केलेला कायद्याचा प्रश्न मिटलेला नाही. खेळताना दिलेल्या धडकेने कोणी जायबंदी झाले किंवा दगावले, तर ते प्रकरण पंचाचे की पोलिसांचे?

हा प्रश्न जगात सर्वाधिक चर्चिला गेला तो आइस हॉकीत, कारण तेथे धडक हा खेळाचाच मान्य भाग आहे. पक, म्हणजे रबराची चकती, ताब्यात असलेल्या खेळाडूला खांद्याने किंवा कमरेच्या बाजूने रेटून तिच्यापासून दूर सारणे नियमात बसते. याला ‘बॉडी चेक’ म्हणतात. मात्र पाठीमागून धडक देणे, कडेच्या फळ्यांवर धोकादायक रीतीने आदळवणे, लांबून वेग घेऊन किंवा उसळी मारून तुटून पडणे, तसेच पक ताब्यात नसलेल्याला अडवणे दंडनीय आहे. डोक्याला लक्ष्य करणाऱ्या धडकेवर उत्तर अमेरिकेच्या राष्ट्रीय हॉकी लीगने स्वतंत्र नियम केला तो 2010 मध्ये. बोस्टनचा मार्क सॅव्हार्ड अशा धडकेने गंभीर जखमी झाला, तेव्हा ती धडक तत्कालीन नियमांनुसार दंडनीय नव्हती. एका खेळाडूची कारकीर्द धोक्यात आल्यावरच नियमातील पोकळी दिसावी, हे आइस हॉकीतच घडते असे नाही.

नियमभंग झाला म्हणून गुन्हा घडला असे मात्र होत नाही. तेथील गाजलेले खटले पाहिले तर बहुतेक ठिकाणी साधी धडक नव्हे, तर काठी किंवा मूठ आरोपीच्या पिंजऱ्यात होती. मार्टी मॅकसॉर्ली याने 2000 मध्ये डोनाल्ड ब्रॅशिअरच्या डोक्यावर काठी मारली आणि कॅनडाच्या न्यायालयाने त्याला शस्त्राने हल्ला केल्याबद्दल दोषी ठरवले. मार्च 2004 मध्ये टॉड बर्टुझी याने स्टीव्ह मूरला मागून ठोसा लगावून बर्फावर पाडले. मूरच्या मानेचे मणके मोडले आणि तो पुन्हा त्या लीगमध्ये खेळू शकला नाही. बर्टुझीने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, बेंगळुरूच्या दुर्घटनेनंतर तीन आठवड्यांच्या आत, न्यायालयात गुन्हा कबूल केला. दोघांनाही तुरुंगवास झाला नाही, सशर्त मुक्तता मिळाली. मूरचा नुकसानभरपाईचा दावा मात्र 2014 पर्यंत चालला आणि शेवटी न्यायालयाबाहेर मिटला.

बेंगळुरूच्या घटनेशी अधिक जवळचे साम्य आहे ते इटलीतील प्रकरणाचे. जानेवारी 1992 मध्ये तेथील एका सामन्यात जिम बोनी याच्या काठीचा फटका 19 वर्षांच्या मिरान श्रॉटच्या छातीवर बसला आणि श्रॉटचे हृदय थांबले. असा फटका हृदयाच्या ठोक्याच्या नेमक्या क्षणी बसला, तर वरकरणी किरकोळ आघातही प्राणघातक ठरू शकतो. बोनीवर मनुष्यवधाचा खटला भरला गेला. अखेर सौम्य आरोप मान्य करून तो दंडावर सुटला. फटका नियमबाह्य होता, पण परिणाम कोणाच्याही कल्पनेपलीकडचा होता. या दोन टोकांमध्ये न्यायालयाला उत्तर शोधावे लागले.

भारतीय कायद्यात या उत्तराचा पहिला आधार संमतीचा आहे. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेचे कलम 87 आता भारतीय न्याय संहितेत कलम 25 म्हणून आले आहे. मृत्यू किंवा गंभीर दुखापत घडवण्याचा हेतू नसेल आणि तसे घडण्याचा संभव असल्याची जाणीवही नसेल, तर 18 वर्षांवरील व्यक्तीने संमती देऊन पत्करलेली इजा गुन्हा ठरत नाही. कायदेकारांनी याचे उदाहरणही खेळातूनच घेतले आहे. दोघे करमणुकीसाठी तलवारबाजी खेळण्यास राजी होतात, तेव्हा नियमाने खेळताना होणारी इजा सोसण्याची तयारी त्यात गृहीत असते. कपटाने नव्हे, नियमाने खेळताना, ही अट त्या उदाहरणातच आहे. म्हणजे खेळाडू संमती देतो ती खेळाला, समोरच्याच्या प्रत्येक कृतीला नव्हे.

अडचण दोन ठिकाणी आहे. हाड मोडणे किंवा निखळणे ही कायद्याच्या व्याख्येत ‘गंभीर दुखापत’ आहे, आणि फुटबॉल, कबड्डी किंवा आइस हॉकीत हाडे मोडतात हे प्रत्येक खेळाडूला ठाऊक असते. मग तशी जाणीव असूनही धडक दिली, असे म्हणायचे का? तसे मानले तर कोणताही अंगझोंबीचा खेळ उरणार नाही. त्यामुळे ‘शक्य असणे’ आणि ‘संभव असणे’ यांत भेद करावा लागतो. चेंडूसाठी झेपावणाऱ्या गोलरक्षकाला टक्कर होऊ शकते एवढे माहीत असते. समोरचा गंभीर जखमी होण्याचाच संभव आहे, अशा जाणिवेने तो झेपावत नाही. पाठमोऱ्या खेळाडूला पूर्ण वेगाने भिंतीवर आदळवणाऱ्याबद्दल हेच म्हणता येईल का, हा खरा वाद आहे.

दुसरी अडचण वयाची आहे आणि तिच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. कलम 25 केवळ प्रौढांना लागू होते. बारा वर्षांखालील मुलांसाठी पालकांच्या संमतीचे वेगळे कलम आहे. पण शालेय स्पर्धेत उतरणारी 14-15 वर्षांची मुले या दोन्हींच्या मधे येतात. त्यांच्या बाबतीत व्यक्तीच्या हितासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीचे कलम 26 किंवा अपघाताचे कलम 18 यांचा आधार घ्यावा लागतो. कलम 18 मधील संरक्षण तर कायदेशीर कृती, कायदेशीर रीतीने आणि योग्य ती काळजी घेऊन केलेली असेल तरच मिळते.

संमतीचा आधार तुटला तरी मृत्यूची जबाबदारी आपोआप येत नाही. निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरण्याचे जुने कलम 304-अ आता कलम 106 झाले असून कमाल शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली आहे. मात्र मृत्यू हा त्या निष्काळजी कृतीचा थेट व निकटचा परिणाम असला पाहिजे, असे मुंबई उच्च न्यायालयाने 1902 मध्येच म्हटले होते. मुंबईतील एका रंगाच्या कारखान्याला लागलेल्या आगीत सात कामगार दगावल्याच्या प्रकरणात 1965 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच कसोटी उचलून धरली. मैदानात ती लावायची तर धडक, हृदयाची अवस्था आणि उपचारांना लागलेला वेळ यांतील नेमक्या कोणत्या दुव्याने जीव गेला, हे सिद्ध करावे लागेल. हे सोपे नाही.

फुटबॉलच्या नियमावलीतील बाराव्या नियमात बेसावध, बेदरकार आणि अतिरेकी बळ वापरून केलेली कृती अशा तीन पायऱ्या आहेत. पहिलीला केवळ फ्री किक, दुसरीला पिवळे आणि तिसरीला लाल कार्ड. कबड्डीतही चढाईपटूचे तोंड दाबणे किंवा त्याला पायांच्या कैचीत अडकवणे निषिद्ध आहे. हे नियम फौजदारी कायद्याची जागा घेत नाहीत, पण खेळाडूने नेमकी कशाला संमती दिली होती ते त्यांवरूनच ठरते. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने 2004 मध्ये एका फुटबॉल प्रकरणात खटला हा केवळ पुरेशा गंभीर कृत्यांसाठीच असावा, असे सांगून शिस्तभंगाच्या कारवाईला प्राधान्य दिले होते. भारतात खेळातील धडकेवर असा स्पष्ट निकाल अद्याप प्रस्थापित झालेला नाही.

दरम्यान जबाबदारीचा रोख बदलताना दिसतो. जुलै 2022 मध्ये बेंगळुरूत राज्यस्तरीय किक बॉक्सिंग स्पर्धेत ठोसा लागून म्हैसूरच्या 23 वर्षांच्या खेळाडूचा मृत्यू झाला. वैद्यकीय सुविधा नसल्याचा आरोप कुटुंबीयांनी केला आणि पोलिसांनी 304-अ खाली गुन्हा नोंदवला तो आयोजकांविरुद्ध. प्रतिस्पर्ध्याचा ठोसा खेळाच्या चौकटीतला असला, तरी रिंगणाजवळ डॉक्टर आणि रुग्णवाहिका नसण्याला कोणत्याही खेळाडूने संमती दिलेली नसते.